डावा खांदा

सोमवारची ओपीडी, खोली बावीस.
पंखा फिरतो, वारा कपाटाला लागतो.
हरेश्वर तांडेल, वय एकतीस, वेसावे.
सोबत आई, धुरपदाबाई.
तिने पिशवीतून काढून टेबलावर ठेवला
सुकटाचा डबा.

आत सुकट नाही, गोळ्या.
एक्केचाळीस. मी मोजल्या.
काही अर्धवट विरघळलेल्या,
काही कोऱ्या करकरीत,
सगळ्यांना जवळ्याचा वास.
"घेतली म्हनायचा, डाक्टर.
जीभ पन दाखवायचा."

हरेश्वर खिडकीबाहेर बघतो.
का थुंकलास, असं मी विचारत नाही.
बारा वर्षांत एवढं कळलंय:
त्याचं उत्तर खरं असतं,
माझा प्रश्न बहुधा नसतो.

तर आता सुई.
पुस्तकात यासाठी चौकटी आहेत,
एकीतून दुसरीकडे जाणारे बाण आहेत.
जाळं विणणारा माणूस कुठल्याच चौकटीत नाही.

आधीच्या डॉक्टरने फ्लुफेनाझिन दिलं होतं.
इथे फुकट मिळतं,
तिळाच्या तेलातलं,
पंधरा दिवसांनी एकदा.
आवाज थांबले. हात सुरू झाले.
जाळ्याची सुई डोळ्यातून जाईना,
बाप म्हणाला, याला कोळंबी सोलायला बसवा.
तिसऱ्या तारखेला तो आलाच नाही.
केसपेपरवर लाल शाई: उपचार सोडले.
कोणी कोणाला सोडलं
त्याला रकाना नसतो.

हॅलोपेरिडॉल महिन्याला एक,
पण तेही हातांशी वैर धरू शकतं.
ओलॅन्झापिन टोचल्यावर
तीन तास नजरेसमोर बसवायचं;
आमच्याकडे बाकडी दोन, पेशंट एकशे चाळीस.
पॅलिपेरिडोनमध्ये हात बहुतेक वाचतील.
बहुतेक.
किंमत सांगितली तेव्हा धुरपदाबाईने
मनगटातली बांगडी फिरवली,
एकदाच,
पण मला दिसली.

सोशल वर्करने फोन लावला,
एका ट्रस्टने सहा महिने कबूल केले.
सातव्याचं मी विचारलं नाही,
तिने सांगितलं नाही.

मग तारखा.
"होडी धा-बारा दिस भायेर असते,
पंधरवड्याचं जमायचं नाय."
सिस्टर मस्करेन्हस कॅलेंडर उलटते,
नारळी पुनवेवर बोट ठेवते:
बोटी सुटायच्या आत पहिले दोन बसवू,
आठवड्याच्या अंतराने,
पुढे महिन्याला एक.
धुरपदाबाई ते उधाण-भांगात मोजते.
दोघींचा हिशेब जुळतो.

हे सगळं मी आईशी बोलतोय.
सतरा मिनिटं.
लक्षात आलं तेव्हा ओशाळलो,
खुर्ची वळवली.
हरेश्वर, तुला काय वाटतं?

नजर खिडकीतच.
"म्हयनाभर आत ऱ्हाईल?"
हो.
"नको झालं तर काढता येतं?"
नाही.

त्या शब्दाला मी काही जोडलं नाही.
जोडण्यासारखं पुष्कळ होतं:
मागची भरती, चौकीवरची ती रात्र,
आईच्या कपाळावरची खूण.
"गोळी थुंकता येते,"
तो म्हणाला.
तक्रार नव्हती, हिशेब होता.

बाहेर कोणीतरी नंबरावरून भांडत होतं.
मी वाट बघितली. माझ्याकडे वेळ नव्हता,
तरी बघितली.

त्याने शर्टाची बाही वर केली. उजवी.
थांबला.
ती खाली केली, डावी वर केली.
"उजव्यानं जालं ओढतो."

आज नाही, म्हटलं.
आधी चार दिवस याच जातकुळीतलं औषध घे,
अंगाला मानवतं का बघू.
"कशातून?"
गोळीतून.

तो हसला.
फाइलमधल्या फोटोत आहेत ते दात
मी पहिल्यांदाच समोर बघितले.
"चारच दिस?"
चार. शुक्रवारी ये.

सिस्टरने लिहून घेतलं: डावा खांदा.
धुरपदाबाईने गोळ्या टेबलावर ओतल्या,
झाकण घट्ट लावलं,
"डबा नेते," म्हणाली,
"घरात दुसरा नाय."